सात रोल, ऐंशी खोल्या

माझ्या मोबाइलमध्ये अकरा हजार फोटो आहेत. त्यातले शे-दीडशे सोडले, तर बाकीचे मी पुन्हा उघडूनसुद्धा पाहिलेले नाहीत. तुमचंही फार वेगळं नसणार! त्यामुळे नायगावच्या बीडीडी चाळीत, मावशीच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येक घराचा फोटो काढायचं डोक्यात आलं, तेव्हा मोबाइल खिशातच ठेवला आणि बाबांचा आग्फा क्लिक थ्री माळ्यावरून उतरवला. १९२०च्या दशकातली ही बिल्डिंग पुनर्विकासात जाणार. शेजारी टॉवरमध्ये वेगवेगळ्या मजल्यांवर विखुरणार.

क्लिक थ्रीला बॅटरी नाही, फोकस नाही. रोलवर चौकोनी बारा फोटो. मागच्या इवल्याशा लाल खिडकीत पुढचा आकडा दिसेपर्यंत खटका फिरवायचा, बस्स. बाबा त्यात उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल घालायचे. ती कंपनी बंद पडली. आता इम्पोर्टेड रोल, धुलाई, स्कॅनिंग... साधेपणा जाम महाग पडतो, यार.

हिशोब मात्र सोपा. तळमजला अधिक तीन मजले, मिळून ८० खोल्या. घरटी एकच फोटो. सात रोल म्हणजे ८४, चार शिल्लक.

या कॅमेऱ्याला ऊन लागतं आणि बीडीडीचा मधला पॅसेज भरदुपारीही अंधारा. शिवाय माणसं दहा फूट लांब हवीत. मावशी म्हणाली, ‘‘दहा फुटांत आमचं आख्खं घर संपतं रे!’’ खोली १६० चौरस फुटांची, तिचं काय चुकलं? मग दर रविवारी सकाळी एकेका घराला खाली मैदानात बोलवायला लागलो.

आणि खरी गंमत तिथे सुरू झाली. ‘एकच फोटो’ म्हटल्यावर घराघरात चर्चा. लग्न होऊन डोंबिवलीला गेलेली मुलगी त्यात धरायची का? गावी गेलेल्या आजोबांसाठी थांबायचं का? दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला तीन रविवार परत पाठवलं, कारण थोरल्याची ड्यूटी होती. चौथ्या रविवारी पाचही जण आले, इस्त्रीचे कपडे घालून. क्लिक झाल्यावर काका म्हणाले, ‘‘दाखव बघू.’’ मी कॅमेऱ्याची पाठ दाखवली. लाल खिडकीत नुसता ७!

मोबाइल असता तर चौघांचा फोटो पहिल्याच रविवारी काढून मी मोकळा झालो असतो. काकूंनीही चालवून घेतलं असतं, बहुतेक.

आतापर्यंत तीन रोल झालेत. उरणाऱ्या चार फोटोंवर आधीच क्लेम लागलेत. एक कोपऱ्यावरच्या वाण्याचा, एक गणपती मंडळाच्या पोरांचा. मावशीला एक हवाय कुलूप लावून गेलेल्या शेजारणीच्या दाराचा. तिला सांगितलंय, पॅसेजमध्ये उजेड नाही. ती म्हणते, ‘‘दार काढून खाली आणू.’’