थांबायचं कुठे

गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका जॅममध्ये मी पहिल्यांदाच अनोळखी लोकांसमोर सोलो वाजवला. ‘ए’मधला बारा बारचा ब्लूज होता. मी ए मायनर पेंटाटोनिक वाजवली: ए, सी, डी, ई, जी. पाचव्या फ्रेटवरचा हा बॉक्स होस्टेलपासून हातात बसलाय, डोळे मिटले तरी बोटं बरोबर पडतात. खाली उतरलो तर ड्रमरकाका म्हणाले, “नोट्स सगळ्या बरोबर होत्या.” एवढंच.

ते ‘एवढंच’ घरी आल्यावरही डोक्यातून जाईना. मग मी पाचपंचवीस ओळींचा एक प्रोग्रॅम लिहिला. हेच पाच स्वर, कुठलाही कुठल्याही क्रमाने निवडायचा आणि वाजवायचा. एकही स्वर चुकला नाही. वाईट याचं वाटलं, की ते बरंचसं माझ्या सोलोसारखं वाजत होतं.

आई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. तिथूनच म्हणाली, “काय रे, भूप लावलायस की देशकार?”

‘सी’ला सा मानलं तर हेच पाच स्वर सा, रे, ग, प, ध होतात, हे मला तेव्हा सुचलंही नव्हतं. मी विचारलं, “दोन्हींचे स्वर तेच ना?”

“तेच. पण भूप गंधारावर विसावतो, देशकार धैवतावर. भूप संध्याकाळचा, देशकार सकाळचा. तुझं हे कुठेच विसावत नाहीये.”

मी लॅपटॉप बंद केला आणि बऱ्याच वर्षांनी नुसता ऐकायला बसलो. बी. बी. किंगचं १९६९चं ‘द थ्रिल इज गॉन’ लावलं. तिथेही बहुतेक मायनर पेंटाटोनिकच आहे, फक्त ‘बी’पासून. पण तो माणूस एक स्वर लावतो, बोटाने थरथरवतो आणि गप्प बसतो. त्या गप्प बसण्यात बँड वाजत राहतो आणि पुढच्या स्वराची आपण वाट बघतो. माझ्या सोलोत वाट बघायला जागाच नव्हती.

मग माझा ‘सी’ तपासला. ब्लूजमध्ये पहिली कॉर्ड ए सेव्हन. तिच्यात ‘सी शार्प’ असतो, त्यामुळे माझा ‘सी’ तिला घासतो. ब्लूजवाले ते घासणं टाळत नाहीत. तार किंचित ओढून तो स्वर ‘सी’ आणि ‘सी शार्प’च्या मध्ये कुठेतरी धरतात. पाचव्या बारला डी सेव्हन येते आणि तोच ‘सी’ एकदम घरचा होतो, कारण तो त्या कॉर्डमध्येच आहे. जॅझ वाजवणारा बहुधा ए सेव्हनवर सरळ ‘सी शार्प’वर उतरेल आणि कॉर्ड बदलताच ‘सी’वर. यंग्वी माल्मस्टीनसारखा मेटलवाला हार्मोनिक मायनर घेईल, म्हणजे जवळजवळ आपला किरवाणी. त्यात कोमल धैवत आणि शुद्ध निषादामध्ये जी मोठी उडी आहे, तिच्यावर तो वेगाने चढउतार करेल.

मी इतकी वर्षं स्केलला उत्तर समजत होतो. स्केल फक्त कुठले स्वर चालतील ते सांगते. कुठे थांबायचं, कुठला स्वर ओढायचा, कुठे कॉर्डची वाट बघायची, हे ती शैली सांगते. आणि ते बॉक्सच्या आकृतीत छापलेलं नसतं, ऐकूनच येतं.

आईने गाण्याची मध्यमा केली होती, हे मला माहीत होतं. पुढे का नाही केलं, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. ती म्हणाली, “तू झालास, मग क्लासची वेळ जमेना.” तक्रारीचा सूर नव्हता. पोळी तव्यावर टाकून तिने भूपाचा गंधार लावला आणि तिथेच थांबली, चांगली चार-पाच सेकंद. आवाज थोडा कापला. पण थांबायची जागा बरोबर होती.

पुढच्या जॅमला मी पहिल्या चार बारांत तीनच स्वर वाजवले. पाचव्या बारला ‘सी’वर उतरलो आणि थांबलो. ड्रमरकाका या वेळी काही बोलले नाहीत. वाजवता वाजवता त्यांनी फक्त मान वर करून बघितलं.

आता रविवारी सकाळी आई गाते आणि मी मागे फक्त सी आणि जी धरून बसतो. सोलो तिचा असतो.