हजार मैलांचा उंबरठा

इटलीच्या उत्तरेकडील ब्रेशा शहरातून निघून रोमपर्यंत जाणारी आणि वेगळ्या वाटेने पुन्हा ब्रेशालाच परतणारी ‘मिल्ले मिलिया’ ही मोटारशर्यत १९२७ पासून १९५७ पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, सर्वसामान्यांच्या वहिवाटीच्या रस्त्यांवर धावत राहिली. स्पोर्ट्स कारविषयी जगभर आज जी ओढ दिसते तिचा फार मोठा भाग या एका शर्यतीच्या धुळीत रुजलेला आहे. नावाचा अर्थ सरळ ‘हजार मैल’ असा असून वाट सुमारे १६०० किलोमीटर भरत असे. तिचा जन्म एका रुसव्यातून झाला, ही गोष्ट मोठी मानवी वाटते. इटलीची पहिली ग्रां प्री १९२१ साली ब्रेशाजवळच भरली होती. पण पुढच्याच वर्षी मिलानजवळ मोंझा येथे खास धावपट्टी बांधली गेली आणि तो मान तिकडे गेला. मानाचे पान हिरावले गेल्याची सल ब्रेशाकरांच्या मनात राहिली, आणि आयमो माज्जी व फ्रांको मात्सोत्ती हे दोन तरुण सरदार, रेन्झो कास्तान्येतो हा संयोजक आणि जोव्हान्नी कानेस्त्रीनी हा पत्रकार या चौघांनी ठरवले की ज्याला धावपट्टी नाही त्याने देशालाच धावपट्टी करावे.

देशाला धावपट्टी केल्याने एक गोष्ट घडली, जिचा पुरता अंदाज त्या चौघांनाही बहुधा नसेल. बंदिस्त धावपट्टीकडे प्रेक्षकाला तिकीट काढून जावे लागते. येथे शर्यतच प्रेक्षकाच्या उंबरठ्याशी येत होती. पालखीच्या वाटेवरच्या गावांनी रात्र जागवावी तशी वाटेवरची गावे जागत, घरातल्या खुर्च्या कडेला मांडल्या जात, आणि ज्या वळणावरून रोज गवताची गाडी सावकाश वळे त्याच वळणावर त्या रात्री इंजिनाचा आवाज आधी डोंगरात घुमे, मग भिंतींवर आदळे आणि अखेर दिव्यांच्या झोतासह अंगावरून निघून जाई. सर्वांत लहान गाड्या सर्वांत आधी, रात्रीच सुटत; त्यांत फियाटची ‘तोपोलीनो’, म्हणजे ‘उंदरुली’, या लाडक्या नावाची चिमुकली गाडीही असे. हौशी चालक आपली रोजच्या वापरातली गाडी घेऊन उतरत, आणि त्यांच्यामागून पहाटेनंतर मोठ्या कारखान्यांच्या बलाढ्य गाड्या येत.

१९४९ पासूनच्या शर्यतींत गाडीवर रंगवलेला क्रमांक हीच तिची सुटण्याची वेळ असे. ७२२ हा आकडा म्हणजे सकाळी सात वाजून बावीस मिनिटे. ही योजना साधी होती, पण तिच्यात प्रेक्षकाविषयी केवढा आदर होता! कडेला उभ्या असलेल्या शाळकरी मुलाने आकडा वाचावा, वडिलांच्या मनगटावरचे घड्याळ पाहावे, वजाबाकी करावी आणि कोण पुढे आहे ते साऱ्या गल्लीला ओरडून सांगावे. गाड्या एकेक मिनिटाच्या अंतराने सुटत असल्यामुळे पुढे दिसणारी गाडी खरोखर पुढे असेलच असे नव्हते, आणि ते कोडे सोडवण्याचा अधिकार त्या मुलाकडे होता. १९३० सालची प्रसिद्ध कथा याच कोड्यावर उभी आहे: तात्सिओ नुव्होलारी याने पहाटेच्या अंधुक प्रकाशात दिवे मालवून प्रतिस्पर्धी आकिले व्हार्त्सीला बेसावध गाठले, असे सांगतात. नुव्होलारी व्हार्त्सीच्या मागाहून सुटला होता, त्यामुळे घड्याळाच्या हिशेबात तो आधीच जिंकत होता, आणि दिवे मालवण्याची गोष्ट घडली तशीच घडली का, याविषयी वाद आहे. तरीही लोकांनी ती जपली, कारण उंबरठ्यावरून शर्यत पाहणाऱ्याला आकड्यातला विजय पुरत नाही, त्याला अंधारातून अचानक उजळणारा दिवा हवा असतो.

स्पोर्ट्स कार या शब्दाचा मूळ अर्थही या रस्त्यावरच नीट कळतो. ग्रां प्रीची गाडी एकाच माणसासाठी, उघड्या चाकांची आणि केवळ धावपट्टीची असे. स्पोर्ट्स कारला मात्र दोन आसने, दिवे आणि चाकांवर मडगार्ड असत, म्हणजे ती शर्यत संपल्यावर घरी चालवत नेता येईल अशी, दोन्ही जगांत वावरणारी वस्तू होती. तिचे अंग घडवणाऱ्या कारागिरांच्या कारखान्याला इटलीत ‘कारोत्सेरिया’ म्हणतात. पूर्वी घोडागाड्या बांधण्याची जी कला होती तिचीच ही पुढची पिढी. मिलानच्या ‘तूरिंग’ या कारोत्सेरियाने बारीक पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा ठोकून चढवण्याची ‘सुपरलेज्जेरा’, म्हणजे ‘अतिहलकी’, ही पद्धत रूढ केली, आणि त्याच पद्धतीने १९४८ साली फेरारीची १६६ एम. एम. ही गाडी घडली, जिच्या नावातली दोन अक्षरे मिल्ले मिलियाचीच आहेत. तिला ‘बारकेत्ता’, म्हणजे ‘होडुली’, हे नाव दिले ते शर्यतीच्या चार जनकांपैकी एक असलेल्या कानेस्त्रीनी याने. पाण्याने घासून गुळगुळीत केलेल्या होडीसारखी तिची पाठ पाहिली की हे सौंदर्य रंगवून वर चढवलेले नाही, वजन कमी करण्याच्या निकडीतून ते आपसूक उमटले आहे, हे ध्यानात येते. आणि आजच्या पुष्कळ महागड्या गाड्यांत नेमकी ही निकड हरवलेली दिसते.

१९५५ साल हा या शर्यतीचा कळस मानला जातो. मर्सिडीझच्या ३०० एस. एल. आर. या गाडीत स्टर्लिंग मॉस हा इंग्रज चालक आणि त्याच्या शेजारी डेनिस जेन्किन्सन हा दाढीधारी पत्रकार बसला होता. दोघांनी आधी अनेकदा फिरून संपूर्ण वाट टिपून घेतली होती, आणि सुमारे साडेपाच मीटर लांबीचा तो टिपणांचा कागद, जुन्या जन्मपत्रिकेच्या गुंडाळीसारखा, एका धातूच्या पेटीत दोन रुळांवर गुंडाळला होता. जेन्किन्सन रूळ फिरवी, पेटीच्या खिडकीतून पुढचे वळण वाची आणि इंजिनाच्या गर्जनेत शब्द ऐकू येणार नाहीत म्हणून हाताच्या खुणांनी ते मॉसला सांगे. पलीकडचे काहीच दिसत नाही अशा चढावाच्या माथ्यावरून, पलीकडे रस्ता सरळ आहे एवढ्या एका खुणेच्या भरवशावर, मॉसने वेग न घटवता गाडी झोकून दिली. दहा तास, सात मिनिटे आणि अठ्ठेचाळीस सेकंदांत, ताशी १५७ किलोमीटरहून अधिक सरासरीने, त्यांनी वाट पुरी केली. १९२७ च्या विजेत्याला तिच्यासाठी एकवीस तासांहून थोडा अधिक वेळ लागला होता. त्या दिवशी एका माणसाने दुसऱ्याच्या तळहातावर ठेवलेला विश्वास कोणत्याही तक्त्यात मोजलेला नाही.

परंतु ज्या जवळिकीने ही शर्यत थोर केली त्याच जवळिकीने तिचा घात केला. १९३८ साली बोलोन्या येथे एक गाडी गर्दीत घुसून दहा प्रेक्षक दगावले, सरकारने बंदी घातली आणि पुढच्या वर्षी शर्यत झालीच नाही; तरीही ती परत आली, कारण लोकांना ती हवी होती. मांतोव्हाचा लाडका नुव्होलारी १९४८ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, फुप्फुसांच्या आजाराने खंगलेल्या अवस्थेत पुन्हा उतरला. त्याच्या गाडीचे मडगार्ड गेले, बॉनेट उडाले, तरी तो आघाडीवर राहिला, आणि अखेर विजयाच्या अलीकडेच गाडीने दगा दिला. १९५३ साली तो वारल्यावर त्याच्या स्मरणार्थ पुढच्या वर्षापासून वाट मांतोव्हावरून वळवण्यात आली आणि क्रेमोना–मांतोव्हा–ब्रेशा या टप्प्यातल्या सर्वांत वेगवान चालकासाठी त्याच्या नावाचे पारितोषिक ठेवले गेले. १२ मे १९५७ रोजी, प्रेमाने जोडलेल्या याच टप्प्यावर, ग्विदित्सोलो गावाजवळच्या सरळ रस्त्यावर, अल्फोन्सो दे पोर्तागो या स्पॅनिश चालकाच्या फेरारीचे टायर फुटले आणि गाडी कडेच्या लोकांत गेली. पोर्तागो व त्याचा सहचालक एडमंड नेल्सन यांच्यासह नऊ प्रेक्षक मृत्यू पावले. त्या नऊंत पाच मुले होती.

एन्झो फेरारीवर मनुष्यवधाचा खटला भरला गेला आणि १९६१ मध्ये तो निर्दोष सुटला. शर्यत मात्र पुन्हा तशी कधीच भरली नाही. या अपघातानंतर सरकारने घातलेली बंदी योग्यच होती. ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगापुढे कडेला मांडलेल्या खुर्च्या म्हणजे कसलेही कुंपण नसलेला उंबरठा, आणि त्या खुर्च्यांवरची मुले शर्यतीच्या वैभवाची किंमत म्हणून गेली हे कोणत्याही कौतुकाने धुऊन निघणारे नाही. हे मान्य करूनही, त्यानंतर मोटारशर्यत कुंपणाआड गेली तेव्हा पाहणारा आणि धावणारा एकाच रस्त्याचे मालक होते ही भावनाही मागे राहिली, याचे दुःख खरेच आहे.

१९७७ पासून याच नावाने जुन्या गाड्यांची फेरी निघते आणि १९५७ पर्यंतच्या शर्यतींत धावलेल्या नमुन्यांनाच तिच्यात प्रवेश असतो. ही स्पर्धा वेगाची नसून वेळ पाळण्याची आहे: रस्त्यावर हवेची बारीक नळी आडवी अंथरलेली असते, चाक तिच्यावरून ठरल्या क्षणी जावे लागते, आणि चूक सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजली जाते. गावे अजूनही खुर्च्या बाहेर काढतात. ग्विदित्सोलोजवळ शेतांच्या कडेला स्मारकाचा दगड उभा आहे आणि त्याच्यासमोरचा रस्ता आजही तसाच सरळ आहे.