बाळाला आजोबांचं कफ सिरप नको

ब्राँकायटिस आणि ब्राँकिओलायटिस. नावं जुळ्या भावंडांसारखी, म्हणून घरोघरी गोंधळ. माझ्या पाच महिन्यांच्या भाचीच्या चिठ्ठीवर दुसरं नाव होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आजोबांना होतो तोच की! त्यांचंच सिरप दे चमचाभर." ताईने दिलं नाही, बरं केलं.

आजोबांचा ब्राँकायटिस म्हणजे श्वासाच्या मोठ्या नळ्यांना सूज. खोकला, कफ. ब्राँकिओलायटिस होतो दोन वर्षांखालच्या बाळांना, फुफ्फुसातल्या अगदी बारीक नळ्यांत. आधी साधी सर्दी, मग त्या नळ्या सुजून चिकट स्रावाने बुजतात, धाप लागते. कारण बहुतेकदा आरएसव्ही हा विषाणू. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. आणि सिरप? २०२५ मध्ये छिंदवाड्यात विषारी कफ सिरपने लेकरं दगावली, तेव्हा केंद्र सरकारनेही बजावलं: दोन वर्षांखाली खोकल्या-सर्दीचं औषध नकोच.

नाव विसरलात तरी चालेल, श्वास मोजा. बाळ शांत असताना, घड्याळ लावून, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त भरले, छाती आत ओढली जातेय, अंगावर पिताना दमतंय, ओठ निळे पडतायत, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. दवाखाना गाठा.

आशाताईंना हे मोजायला शिकवतात. मग हेच आकडे प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर ठळक अक्षरांत का नसावेत? येत्या ग्रामसभेत मी हे मांडणार आहे. तुम्हीही तुमच्या गावात मांडा.