दुसऱ्याच्या नावावर

चांदीपला एका घरी प्रार्थनेसाठी गेलो होतो. आतल्या खोलीतून वाद्याचा आवाज येत होता. व्हायोलिनसारखाच, पण थोडा घोगरा. "नातू आहे, फादर. शिकायला जातो. पण त्याच्या हाती हे मोठं व्हायोलिन दिलंय," आजी काहीशा खिन्नपणे म्हणाल्या. ते व्हायोला आहे आणि थोर संगीतकार मोत्सार्टलाही ते वाजवायला फार आवडे, असे मी त्यांना सांगितले. त्यांचे समाधान झालेले दिसले नाही.

व्हायोलाचे दुःख हेच आहे. ते व्हायोलिनहून पाच स्वर खाली बोलते आणि बहुधा मधला सूर धरून बसते. सेमिनरीत मी ते वाजवीत असे, कारण दुसरे कोणी घ्यायला तयार नव्हते. माझा सोबती व्हायोलिन वाजवी. मोत्सार्टचे या दोन वाद्यांसाठीचे दोन ड्युएट आम्ही धडपडत बसविले होते. त्यांत व्हायोला केवळ साथीला नसते. व्हायोलिनने एक वाक्य म्हणावे, व्हायोलाने ते उचलून पुढे न्यावे. दुसऱ्या ड्युएटचा संथ प्रारंभ आठवला की आजही मन शांत होते.

या रचनांची जन्मकथा मीखाएल हायडनच्या १८०८ साली छापलेल्या चरित्रात आहे. योसेफ हायडनचा हा धाकटा भाऊ साल्झबर्गच्या आर्चबिशपांच्या पदरी होता. सहा ड्युएट लिहिण्याची आज्ञा झाली. चार झाले आणि तो आजारी पडला. पगार बंद होण्याची भीती होती. १७८३ साली मोत्सार्ट पत्नीला घेऊन वडिलांकडे आला होता. याच आर्चबिशपांची नोकरी त्याने दोन वर्षांपूर्वी सोडली होती, आणि निघताना त्यांच्या एका अधिकाऱ्याची लाथही खाल्ली होती. (धर्माधिकाऱ्यांचा हा इतिहास आम्ही धर्मगुरू फारसा सांगत नाही!) त्याने उरलेले दोन ड्युएट लिहिले आणि हायडनच्या हाती दिले. त्यांवर स्वतःचे नाव घालू दिले नाही.

ही कथा मला सोबत्यानेच सांगितली होती. पुढे एका उपवासकाळात मला कावीळ झाली. तपसाधनेची सहा प्रवचने द्यायची होती. माझी दोनच लिहून झाली होती. उरलेली चार त्याने रात्री जागून लिहून पाठविली. अंथरुणातून उठून मी ती वाचली. लोकांनी फार वाखाणली, पुढे ती पुस्तिकेच्या रूपाने माझ्या नावावर छापलीही गेली. हायडनला मित्रानेच गप्प राहायला सांगितले होते. मला कोणी सांगितले नव्हते.

सोबती आता देवाघरी आहे. त्याच्या अंत्यविधीचे प्रवचन मीच केले. त्यातही हे बोललो नाही.

गेल्या आठवड्यात जुनी स्वरलिपी शोधून काढली आणि चांदीपच्या त्या मुलाला नेऊन दिली. व्हायोलिनच्या पानांवर सोबत्याच्या पेन्सिलीच्या खुणा अजून स्पष्ट आहेत. "फादर, हे अक्षर कोणाचं?" मुलाने विचारले. मी त्याला नाव सांगितले आणि मग पुस्तिकेचेही सांगितले. आजी दारात उभ्या राहून ऐकत होत्या.