अजून पाऊण तास

थोडं मोठं लिहितोय. पुण्यात राहणाऱ्या आपल्या नागपूर-वर्धा-यवतमाळकडच्या लोकांनी तरी शेवटपर्यंत वाचावं, ही विनंती. आपल्यापैकी प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येणार आहे.

मोठी आई गेली. आईची थोरली बहीण. पाचवी ते दहावी मी वर्ध्याला तिच्याकडेच होतो, त्यामुळे मावशी असं कधी म्हटलंच नाही. परवा तेरवी झाली. तोवर लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

दुपारी साडेबाराला दादाचा फोन आला. ताई हैदराबादहून रेल्वेने निघाली होती, ती पहाटे पोचणार, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला न्यायचं ठरलं. "बाबू, तू किती वाजेपर्यंत येऊन राहिला?" मी म्हटलं, रात्री दहापर्यंत घरी असतो. खरंच वाटत होतं तसं. संध्याकाळी ५.५० चं पुणे-नागपूर विमान, ७.२० ला उतरायचं, आणि नागपूरचं विमानतळ वर्धा रोडलाच आहे, तिथून सव्वा-दीड तास. तिकीट ८,२०० रुपये. एरवी हात आखडला असता, त्या दिवशी विचार केला नाही.

ट्रॅव्हल्स होत्या. आझाद हिंद होती, वेटिंगवर. पण बारा-तेरा तास बसून जायचं त्या अवस्थेत नको वाटलं. विमान म्हणजे खात्री, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

सव्वाचारला लोहगावला पोचलो. सिक्युरिटी झाली. ४.४० ला मेसेज आला: नवी वेळ ६.३५. ठीक आहे, पाऊण तास. ५.४५ ला दुसरा: ७.२०. साडेसहाला तिसरा: ८.१०. कारण प्रत्येक वेळी एकच, येणारं विमान उशिरा आहे. ते कुठून येतंय, आत्ता कुठे आहे, हे ना मेसेजमध्ये, ना बोर्डावर, ना काउंटरवर.

माझ्या शेजारी यवतमाळच्या एक ताई बसल्या होत्या, पन्नाशीच्या. तिसरा मेसेज आला तशा त्या उठल्या. मी विचारलं, चहा घ्यायला का? म्हणाल्या, "नाही भाऊ, मी बसनं जाते. ते विमान दिल्लीहून उडलंच नाही अजून. मी पाहिलं मोबाइलमध्ये. मी घरूनच ठरवून आली होती, सातपर्यंत पाहायचं, मंग खराडी." त्यांनी मला मोबाइल दाखवला. विमानांचा माग दाखवणारी ॲप फुकट मिळतात, आपल्या फ्लाइटला कुठलं विमान येणार आहे ते त्यात बहुतेक वेळा दिसतं. आमचं विमान खरंच दिल्लीत जमिनीवर उभं होतं.

आणि तरी मी बसून राहिलो.

हेच मला लिहायचं आहे. मी अडाणी नाही, हिशेबाचंच काम करतो. तर तेव्हा माझ्या डोक्यातला हिशेब सांगतो. समोर दोन पर्याय. एक, अजून पाऊण तास थांबायचं आणि दीड तास उडायचं, म्हणजे सव्वादोन तास. दुसरा, बारा तासांची बस. सव्वादोन कुठे आणि बारा कुठे! साडेसहाला हा हिशेब केला, विमान जिंकलं. पावणेआठला मेसेज आला ९.०५, पुन्हा हिशेब केला, पुन्हा विमानच जिंकलं. पावणेनऊला १०.१५. पुन्हा तेच. हा हिशेब तुम्ही कधीही केलात तरी विमानच जिंकणार, कारण "अजून पाऊण तास" कधी संपतच नाही आणि आधी थांबलेले तास त्यात कुणी धरत नाही. मधल्या काळात मात्र बसेस सुटत होत्या. नागपूरच्या ट्रॅव्हल्स नगर रोडनेच जातात. विमानतळापासून जवळच खराडी, वाघोलीला एकेक भरून निघत होती आणि मी आत काचेतून रिकामा बे बघत होतो. मोबाइलवर मला दिसलेली शेवटची बस वाघोलीहून सव्वानऊची होती. ती गेली तेव्हा मी रांगेत उभा राहून एअरलाइनने दिलेलं सँडविच घेत होतो.

खरा प्रश्न पाऊण तास की बारा तास हा नव्हताच. सकाळी नऊच्या आत वर्ध्याला पोचवणारी शेवटची गाडी किती वाजता सुटते, एवढाच होता. उत्तर सव्वानऊही नव्हतं. ती बस धरून मी कसाबसा नऊला पोचलो असतो, म्हणजे खरं उत्तर सात-साडेसात. ते दुपारी एक वाजता, तिकीट काढतानाच ठरवायला हवं होतं, कारण गेटवर बसल्यावर माणूस ठरवत नाही, फक्त वाट बघतो.

दुसरी गोष्ट पैशाची. लाज वाटते, पण सांगतो. आपण स्वतः तिकीट रद्द केलं तर कापून पैसे मिळतात, कंपनीने रद्द केलं तर पूर्ण. त्यामुळे "आता रद्द करतीलच, मग बघू" हाही एक विचार मनात होता. मोठी आई तिकडे बर्फावर, आणि मी इकडे ८,२०० चा विचार करतोय. नाही म्हणू शकत नाही.

पावणेदहाला विमान आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा. दादाला फोन केला, "आलं विमान, येऊन राहिलो." तो म्हणाला, "आरामात ये, आम्ही जागेच आहो." मग १०.५० ची वेळ लागली. आणि ११.०५ ला घोषणा झाली, उड्डाण रद्द. क्रूचे ड्यूटीचे तास संपले.

इथे एक स्पष्ट करतो. वैमानिकांच्या विश्रांतीबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून नियम आणखी कडक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. दमलेल्या माणसाच्या हातात दीडशे जीव कोण देईल? त्यानंतर डिसेंबरमध्ये देशभर जो गोंधळ झाला, हजारो उड्डाणं रद्द झाली, तो आपण सगळ्यांनी पाहिला. दोष नियमाचा नव्हता, तयारीचा होता. माझा प्रश्न साधा आहे. कुणाचे तास किती वाजता संपणार हे कंपनीच्या कागदावर आधीपासून असतं. विमान पावणेदहाला येणार हे ते दिल्लीहून उडालं तेव्हाच, म्हणजे साडेसातच्या सुमारास, कळलेलं असतं. मग या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघायला कुणाला अकरा वाजेपर्यंत वेळ लागतो?

आणि ४.४० चा पहिला मेसेज आठवा. त्या वेळी विमान दिल्लीत उभं. दिल्ली-पुणे दोन तास तरी लागतात, उतरल्यावर माणसं उतरवून, साफ करून पुन्हा भरायला निदान अर्धा तास. ते त्याच मिनिटाला उडालं असतं तरी सव्वासातच्या आत पुण्यातून निघूच शकत नव्हतं. तरी आम्हाला ६.३५ सांगितलं गेलं. याला अंदाज चुकला म्हणत नाहीत.

असं का करत असतील? डीजीसीएचा नियम वाचा म्हणजे थोडं कळतं. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास उशीर झाला की खाणं-पिणं द्यायचं. ते मिळालं, सँडविच आणि पाणी. पण दुसरं विमान घ्या नाही तर सगळे पैसे परत घ्या, हा पर्याय द्यायची सक्ती कधी? उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल तेव्हा. आमचं शेवटचं जाहीर झालेलं १०.५० म्हणजे बरोबर पाच तास. पाऊण-पाऊण तासाचे तुकडे करत ते सहाच्या अलीकडेच राहिले. मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही, माझ्याकडे पुरावा नाही. परिणाम मात्र तोच झाला.

आणि भरपाई? ऐनवेळी रद्द झालेल्या एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते, असा नियम आहे. पण हवामानासारखी कंपनीच्या हाताबाहेरची कारणं असली तर काही नाही. मला लेखी उत्तर आलं, "प्रतिकूल हवामान". दिल्लीत धुकं होतं सकाळी. रात्री अकराला पुण्यात विमान होतं, प्रवासी होते, आकाश स्वच्छ होतं. नव्हते ते वैमानिक.

काउंटरवर एक मुलगी होती, बावीस-तेवीसची. लोक तिच्यावर ओरडत होते. मीही ओरडलो, काय बोललो ते लिहीत नाही. तिच्या हातातल्या स्क्रीनवर आमच्या मेसेजमध्ये होतं त्यापेक्षा जास्त काही नव्हतं. बाहेर पडताना तिनेच मला रस्ता दाखवला. सिक्युरिटीनंतर आपण आपल्या मनाने बाहेर पडू शकत नाही, कंपनीचा माणूस बोर्डिंग पास रद्द करून बाहेर सोडतो, त्यात वीस-पंचवीस मिनिटं जातात. सामान चेक-इन केलं असेल तर तास धरा. हेही हिशेबात घ्यावं लागतं.

पुढचं थोडक्यात. नागपूरचा एक इंजिनिअरिंगचा मुलगा, दुसऱ्या दिवशी पेपर असलेला, इतवारीचे एक व्यापारी काका आणि मी, तिघांनी मिळून गाडी केली. १६,५०० रुपये. सव्वाबाराला निघालो. नगर, संभाजीनगर, मग समृद्धी. ड्रायव्हरला झोप येऊ नये म्हणून काका रात्रभर त्याच्याशी कापसाच्या भावावर बोलत राहिले. सकाळी सव्वाआठला कारंज्याच्या अलीकडे असताना दादाचा फोन. "थांबू का बाबू? लोकं जमले आहेत. ताई पहाटेच आली." माझ्याकडून दीड तास तरी होता. आदल्या रात्री मी त्याला चार वेळा वेळ सांगितली होती आणि चारही खोट्या निघाल्या होत्या. ४.४० च्या त्या मेसेजसारखाच मी पण झालो होतो. म्हटलं, "नका थांबू दादा. न्या."

मोक्षधामला पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. खांदा द्यायचा राहिला.

यवतमाळच्या ताईंचा त्या दिवशी मेसेज आला होता, मी दुपारी पाहिला. आठ वाजता त्या घरी पोचल्या होत्या. "तुम्ही पोचले का वेळेवर?"

एका मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, समजा विमान ८.१० ला खरंच गेलं असतं, तर त्या बाई मूर्ख ठरल्या असत्या ना? नसत्या. तरी त्या आठलाच पोचल्या असत्या, माझ्यानंतर बऱ्याच तासांनी, पण वेळेत. त्यांची चूक झाली असती तर एक रात्र अंग दुखलं असतं. माझी चूक झाली तर काय झालं ते वर लिहिलंच आहे.

आता सार्वजनिक बाजू. जानेवारी २०२४ मध्ये धुक्याने असाच गोंधळ झाला, तेव्हा डीजीसीएने कंपन्यांना लेखी सूचना दिल्या होत्या: उशिराची अचूक, ताजी माहिती वेबसाइट, मेसेज, ईमेल आणि विमानतळावरचे बोर्ड यांवर द्या, आणि धुक्यामुळे तीन तासांवर उशीर होईल असं दिसलं तर उड्डाण आधीच रद्द करता येईल. म्हणजे अपेक्षा लिहिलेली आहे. तिच्यात दोन गोष्टी घालाव्यात. उशिराच्या प्रत्येक मेसेजमध्ये येणारं विमान आत्ता कुठे आहे ते सांगणं सक्तीचं करावं. आणि एकूण उशीर दोन तासांवर गेला की प्रवाशाला कपात न करता तिकीट रद्द करता यावं, सहा तासांची वाट न बघता. सहा तास ही मर्यादा पुणे-नागपूरसारख्या दीड तासाच्या प्रवासाला निव्वळ थट्टा आहे. या खात्याचे राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ पुण्याचेच खासदार आहेत, त्यांच्या कार्यालयात हेच पत्र सोमवारी देणार आहे. सोबत कोणाला यायचं असेल तर इनबॉक्समध्ये सांगा.

एअरसेवा पोर्टलवर तक्रार केली आहे. सहाही मेसेजचे स्क्रीनशॉट आणि विमान दिल्लीत उभं असल्याचा, ताईंनी पाठवलेला फोटो जोडला आहे. तुमच्याकडे असे स्क्रीनशॉट असतील तर पुसू नका. उत्तर आलं की याच पोस्टखाली टाकतो.