वजनाची साक्ष

गेल्या चैत्रात माझ्या उजव्या हाताला सुटलेला कंप माझ्याआधी माझ्या शिष्येच्या ध्यानात आला. संगणकाच्या एका एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, पाटीवरचा फुगलेला कपॅसिटर काढण्यासाठी मी त्याच्या पायाशी तापलेले आयर्न टेकवीत होतो, आणि चाळीस वर्षे जे टोक जिथे ठेवीन तिथेच राहत आले होते ते त्या दिवशी शेजारच्या तारेवर दोनदा घसरले. तेव्हा तिने काही न बोलता माझ्या हातून आयर्न घेतले, काम पुरे केले आणि मग, "काका, उजेड कमी आहे इथं," एवढेच म्हणाली. दुपारचे बारा वाजले होते आणि दुकानाचे दार रस्त्याकडे सताड उघडे होते. तिची ही मर्यादा मला जितकी सुखावून गेली तितकीच बोचलीही, आणि त्या दिवसापासून रेणापुरातल्या माझ्या या लहानशा दुकानातील डाग देण्याचे काम तिच्याकडे गेले. माझ्याकडे राहिले ते निवाड्याचे काम, म्हणजे कोणत्या यंत्राला कोणता एसएमपीएस द्यावा हे ठरविण्याचे. त्या अधिकारालाही धक्का लागेल असे मला वाटले नव्हते.

हा अधिकार मी वजनावर चालवीत आलो होतो. ज्याने चार संगणक जुळविले आहेत त्याला हे सांगावयास नको की डब्यावर छापलेले वॅट आणि आत घातलेले तांबे यांचे नाते पुष्कळदा दूरचे असते. डबा उघडावा तर वॉरंटीचे सील तुटते. म्हणून तळहातावर तोलून पाहणे हीच काय ती खरेदीदाराच्या हाती उरलेली रुजुवात. सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरात किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडवर मी डोळे मिटून दोन हातांवर दोन डबे घेई आणि हलका निघेल तो दुकानदाराकडे परत सरकवी. आजूबाजूची पोरे हे पाहायला थांबत, आणि ती थांबतात हे मला ठाऊक असे. वजन डोळे उघडे ठेवूनही कळते. डोळे मिटणे हे त्या पाहणाऱ्यांसाठी होते, हे आज लिहून ठेवतो. लातूर, उदगीर, अहमदपूर इकडचे जुळणीवाले "तुम्ही एकदा हातात घेऊन बघा" म्हणून माझ्याकडे डबे पाठवीत, तेव्हा मला जो आनंद होई तो पैशापेक्षा मोठा होता.

ज्या प्रकरणाविषयी मला खरे म्हणजे लिहावयाचे आहे ते 2013 सालचे. गावातील एका फोटो स्टुडिओच्या मालकाने लग्नाच्या चित्रीकरणाचे मिक्सिंग स्वतःच करावे म्हणून माझ्याकडून संगणक जुळवून घेतला. लग्नसराईत रात्री नऊला लावलेले रेंडर पहाटे पाचपर्यंत चाले आणि सकाळी दुसरे वऱ्हाड दारात उभे असे, म्हणून वेग वाढविण्याची मुभा असलेला महागडा प्रोसेसर, आय फाइव्ह 2500के, त्याने माझ्याच सांगण्यावरून घेतला होता. मी त्याची चाल 3.3 गिगाहर्ट्झवरून 4.5 वर नेली आणि ती स्थिर राहावी म्हणून त्याचा दाब 1.20 व्होल्टवरून 1.35 वर चढविला. पाच वाजता संपणारे काम तीनला संपू लागले. पण या हिशेबाची दुसरी बाजू अशी की वीजखप वेगाच्या प्रमाणात आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे 95 वॅटचा तो प्रोसेसर 160 वॅटच्या पुढे गेला, म्हणजे बारा व्होल्टच्या तारेतून एकट्या त्याला चौदाएक अँपिअर लागू लागले. त्यात ग्राफिक्स कार्ड मिळविले की सारे यंत्र पावणेतीनशे वॅटच्या आसपास खेळे. एवढ्याला साडेचारशेचा डबा पुरे, असा कोणीही हिशेब करील. मीही केला.

यंत्र माझ्या दुकानात आठ तास अविरत चाले आणि स्टुडिओत नेले की रात्री केव्हातरी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई. रोज नव्हे, आठवड्यातून दोन-तीन रात्री. मी साडेचारशेच्या जागी पाचशेचा डबा लावला, पाचशेच्या जागी सहाशेचा, आणि तोही फसला तेव्हा सिकंदराबादेस स्वतः जाऊन, आजवर हातात धरलेल्यांत सर्वांत जड असा सहाशे वॅटचा चौथा डबा आणला. बारा व्होल्टच्या तारेला मल्टिमीटर लावून मी दोन रात्री स्टुडिओत बसलो, काटेकोर 12.1 दिसत राहिले, आणि 11.4 च्या खाली जावयास नको तिथे ते 12 च्याही खाली उतरलेले मी एकदाही पाहिले नाही. दुसऱ्या रात्री माझ्या डोळ्यांदेखत यंत्र बंद पडले तेव्हाही मीटर 12.1 दाखवीत होता, आणि पुढचा आकडा उमटला तो शून्य.

त्या रात्री मालक माझ्याशेजारी बसला होता. तो म्हणाला, "मामा, मी लई दिवसांपासून बघतोय, स्टॅबिलायझर टक्कन वाजलं की मशीन बंद पडतंय." मी त्याला म्हणालो की तो आवाज म्हणजे स्टॅबिलायझर आपले काम इमानाने करतो आहे याची पावती आहे. माझा स्वर त्या वेळी कसा होता तो मला आठवतो. निवाडा द्यावयाचा म्हणून मी आठ दिवसांनी वेग पुन्हा 3.3 वर आणला, यंत्र बंद पडायचे थांबले, आणि माझ्या नोंदवहीत मी शेरा मारला: "प्रोसेसर मूळचा दुर्बळ. वाढीव वेग पेलत नाही. पुरवठा निर्दोष." एसएमपीएस माझ्या हाताने निवडला होता आणि प्रोसेसर कारखान्यातून आला होता, म्हणून दोष प्रोसेसरचा. मालकाने एका शब्दाने वाद घातला नाही. ज्या वेगासाठी त्याने जादा दाम मोजले होते तो त्याला कधी मिळाला नाही, आणि त्यापुढची कित्येक वर्षे तो लग्नसराईत पहाटे पाचपर्यंत जागला.

आमच्याकडची वीज हा काही नवा विषय नव्हे. कागदावर 230 व्होल्ट, त्यात सहा टक्के इकडे किंवा तिकडे. पण रात्री शेतीच्या वाहिनीवर पाळी सुरू झाली आणि शिवारातले पंप एकामागून एक उठले की ज्या सालाची मी गोष्ट सांगतो त्या साली माझ्या मीटरने 165 सुद्धा पाहिले आहेत. त्याच 2013 मध्ये शेजारच्या परळीचे औष्णिक केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावे लागले होते. अर्थिंगची गोष्ट तर त्याहून बिकट. काळ्या रानात खड्डा घेऊन कोळसा आणि मीठ भरले तरी त्याला उन्हाळाभर पाणी घालावे लागते, नाहीतर माती भेगाळून पट्टीपासून सुटते. आणि एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात घागर ओता असे मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? त्या उन्हाळ्यात ज्याच्या त्याच्या कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येत, कारण जमिनीकडे जाणारी वाट सुकली की एसएमपीएसच्या तोंडाशी असलेले गाळणीचे कपॅसिटर पत्र्याला अर्ध्या दाबावर लोंबकळत ठेवतात. लोक यंत्राला दोष देत आणि मी मातीला.

दोष देण्याचा विषय निघालाच आहे तर हेही बोलतो. कॅबिनेटबरोबर एसएमपीएस फुकट देण्याच्या चालीने आमच्या धंद्याचे जेवढे नुकसान केले तेवढे कशानेही केले नाही, कारण जे फुकट येते त्याची चौकशी कोणी करीत नाही. हल्लीचे तरुण जुळणीवाले निराळ्या भ्रमात आहेत. ते सोनेरी रंगाचे 80 प्लसचे चिन्ह पाहतात आणि निश्चिंत होतात. 2004 पासून चालत आलेली ती मोजणी किती वीज वाया जाते एवढेच सांगते, आणि तीही 23 अंशांच्या खोलीत घेतलेली. वैशाखात रेणापूरच्या पत्र्याखाली 42 अंशांना पंखा उकळती हवा आत ओढतो तेव्हा त्या चिन्हाचा काय उपयोग? इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांना निम्मे होते. म्हणून 85 अंशांचा कपॅसिटर घातलेला डबा आमच्या भागात आणणे हा मी अपराध मानतो, आणि हे मत मी कंप सुटलेल्या हातानेही बदलणार नाही. डबा उघडून पाहण्याची, जळालेला भाग बदलण्याची विद्याच आता लोप पावत चालली आहे. वॉरंटीत बदलून आणणे म्हणजे दुरुस्ती असे समजले जाते.

आता पुन्हा 2013 च्या त्या प्रकरणाकडे वळतो. माझ्या शिष्येने एके दिवशी माळा आवरताना मी काढून ठेवलेला तो चौथा डबा खाली काढला आणि त्याच्यावरच्या चिठ्ठीतील क्रमांकावरून नोंदवहीचे पान उलगडले. शेरा वाचून तिने विचारले, "काका, पुरवठा निर्दोष कशावरून?" मी म्हणालो, हातात घेऊन बघ. तिने घेतला, मानेने होकार दिला, आणि मग उघडला. प्रवाह सुधारण्यासाठी बसवितात ते जाडजूड वेटोळे आत होते. तिने त्याचा कागद सोलला तेव्हा वरच्या दोन-चार फेऱ्यांच्या खाली सिमेंट निघाले. करड्या रंगाचे, साध्या बांधकामाचे सिमेंट. ज्या वजनावर मी दोन तप निवाडे दिले ते वजन कोणीतरी, माझ्यासारखी माणसे तळहातावर तोलतात हे ओळखून, मुद्दाम भरले होते. मी बराच वेळ तो तुकडा हातात धरून बसलो.

तिचे तेवढ्याने समाधान झाले नाही, कारण सिमेंट यंत्र जड करते, बंद पाडीत नाही. तिने जुन्या बाजारातून घेतलेला ऑसिलोस्कोप मांडला, बारा व्होल्टच्या तारेवर मोटारीच्या हेडलाइटचे पाच बल्ब एकेक करून पेटविले, मेनच्या बाजूला दाब हवा तसा कमीजास्त करणारा डिमरस्टॅट लावला आणि वीज क्षणभर तोडली तर पुरवठा किती वेळ तग धरतो ते पाहू लागली. ही मुदत संगणकाच्या पुरवठ्याला निदान 16 मिलिसेकंदांची नेमून दिलेली असते, हे मी वाचलेले होते. कधी मोजलेले नव्हते. 230 व्होल्टवर त्या डब्याने एकोणीस मिलिसेकंद तग धरला. मग तिने डिमरस्टॅट 165 वर आणला. चार.

तेव्हा सारे प्रकरण माझ्यासमोर उलगडले, आणि उलगडले ते त्या मालकाच्या आवाजात. आत साठणारी ऊर्जा दाबाच्या वर्गाने घटते, म्हणून 165 व्होल्टवर कपॅसिटरात निम्मीच उरते, आणि त्या निम्म्यातली वापरता येण्याजोगी तर थोडकीच. अशा अर्धपोटी अवस्थेत स्टॅबिलायझरची रिले एका टॅपवरून दुसऱ्या टॅपवर उडी मारते, त्या उडीत काही मिलिसेकंद वीज कुठेच नसते, आणि मंद चालीचे यंत्र जेवढा उपास काढू शकते तेवढा 4.5 वर धावणारे यंत्र काढू शकत नाही. टक्कन वाजले की बंद. मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीन आकडे दाखवितो. चार मिलिसेकंदांची गोष्ट त्याला कधी दिसणार? मी सहाशेचा डबा सोडून हजाराचा आणला असता तरी तो अशाच घडणीचा असता तर कदाचित तसाच पडला असता, आणि मी पुन्हा प्रोसेसरलाच दोषी धरले असते.

मग तिने तिचा स्वतःचा, ॲक्टिव्ह पीएफसी असलेला साडेसहाशेचा पुरवठा त्याच बल्बांना जोडला. तो आपल्या पोटातील दाब मेनच्या चढउताराकडे न पाहता चारशेच्या जवळपास धरून ठेवतो, म्हणून 230 वर अठरा आणि 165 वरही अठराच. हातात तो माझ्या सिमेंटवाल्या डब्यापेक्षा हलका लागला. तिने मला हेही सांगितले की आता ग्राफिक्स कार्डे क्षणार्धासाठी दुप्पट ओढ घेतात, म्हणून 2022 पासूनच्या एटीएक्स 3.0 या नियमावलीत शंभर मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार पेलण्याची अट घातली आहे. वॅटचा आकडा वाचून हेही कळत नाही. ती हे सांगताना पाटीकडे पाहत होती, माझ्याकडे नाही.

काल संध्याकाळी मी स्टुडिओत गेलो. मालक आता नव्या यंत्रावर काम करतो. तो जुना संगणक आतल्या खोलीत, निमंत्रणपत्रिका छापण्यापुरता, अजून 3.3 वर चालतो. मी त्याला सर्व सांगितले, सिमेंटासकट आणि त्या रात्रीच्या माझ्या स्वरासकट. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मामा, मी म्हणलो होतो की ओ तुम्हाला." पुढे काही बोलला नाही, चहा मागविला.

यंत्र आज दुकानात आणले आहे. नवा पुरवठा तिने बसविला, स्क्रू मी आवळले, वेग 4.5 वर चढविला आहे आणि तोच जुना स्टॅबिलायझर मुद्दाम मध्ये ठेवला आहे. नोंदवहीतला 2013 चा शेरा खोडलेला नाही. त्याच्याखाली आजची तारीख घालून दोन ओळींची जागा सोडली आहे, कारण शेतीची वीज रात्री बाराला येणार आहे आणि आम्ही दोघे दार लोटून बसलो आहोत. अकरा वाजून चाळीस मिनिटे. रेंडर सुरू आहे.