बोटावरची शाई

शाळेत असताना बोटाला शाई लागली म्हणून आम्ही पुष्कळ बोलणी खाल्ली. पेन गळके, सदरा पांढरा आणि मातोश्री कडक, असा तो त्रिवेणी संगम होता. पुढे काळ असा पालटला की, आता ठराविक दिवशी बोटाला शाई नसेल तर बोलणी खावी लागतात. सकाळी दहाच्या सुमारास शेजारचे गृहस्थ जिन्यात गाठतात आणि आमच्या तोंडाकडे न बघता डाव्या हाताच्या तर्जनीकडे बघतात. ती कोरी दिसली की, “अजून नाही का?” असा प्रश्न येतो. ‘लोकशाही’ या शब्दातील ‘ह’ चा उच्चार आम्ही मंडळी जरा सैल करतो. त्यामुळे तिची ‘लोकशाई’ होते. आमच्या मते हा उच्चार अशुद्ध असला तरी अर्थाने फारसा चुकीचा नाही.

ही शाई म्हैसूरला तयार होते. म्हैसूरच्या महाराजांनी 1937 साली लाखेचा आणि रंगांचा एक कारखाना काढला. राज्य गेले, कारखाना राहिला, आणि 1962 च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून प्रजेच्या बोटाला लागणारी शाई राजाने काढलेल्या कारखान्यातून येऊ लागली. इतिहासालाही विनोदबुद्धी असते, ती अशी. शाईत सिल्व्हर नायट्रेट असते. कातडीशी आणि उजेडाशी गाठ पडताच ते काळे पडते, आणि साबण, लिंबू, रॉकेल यांपैकी कोणासही दाद देत नाही. 2016 च्या नोव्हेंबरात नोटा बदलून घेणाऱ्यांच्या बोटालाही तीच लावण्याचा हुकूम सुटला होता. त्याच्या तीनच वर्षे आधी, 2013 साली, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे मतदानयंत्रावर ‘नोटा’ आली होती. यंत्रावर नोटा आली आणि हातातल्या नोटा गेल्या, असे आमचे एक स्नेही तेव्हा म्हणाले होते. आज लिहावयाचे ते मुख्यत्वे या स्नेह्यांविषयीच आहे.

ते वकील आहेत आणि आम्ही प्राध्यापक. म्हणून ते आम्हांस ‘प्रोफेसर’ म्हणतात आणि आम्ही त्यांस ‘वकील’ म्हणतो. परंतु ओळख झाली तेव्हा दोघेही कोणीच नव्हतो. मतदाराचे वय 21 वरून 18 वर आले त्या 1989 सालच्या निवडणुकीत आम्ही दोघांनी पहिले मत दिले. त्या वेळी कागदाची मतपत्रिका होती. शिक्का मारून, शाई दुसऱ्या चिन्हावर उमटू नये म्हणून ती जपून घडी घालावी लागे. आम्ही शाळेच्या वर्गातून बाहेर आलो, समोरच्या हॉटेलात चहा मागवला, आणि एकमेकांस मत सांगून टाकले. दोघांची मते अगदी परस्परविरोधी निघाली!

“म्हणजे तुझ्या मताने माझे मत मारले,” स्नेही म्हणाले. “दोघेही घरी झोपलो असतो तर देशाचा हिशेब तोच राहिला असता.”

हिशेब बिनतोड होता. तरीही पुढल्या प्रत्येक निवडणुकीत आम्ही बरोबरच गेलो. कारण दुसरा खरोखर घरी झोपेल यावर दोघांचाही विश्वास नव्हता. पुढे शिक्का गेला, यंत्र आले. त्यानंतर यंत्राशेजारी चिठ्ठीची पेटी आली, आणि आपले मत सात सेकंद काचेतून आपल्याकडे पाहू लागले. पण चहा तोच, आणि विनोदही तोच. निकालात ज्याचा पक्ष हरेल त्याने पुढच्या चहाचे पैसे द्यावेत, असा नियमही पहिल्याच निवडणुकीत ठरला होता.

महाराष्ट्राच्या राजकारणाने गेल्या काही वर्षांत विनोदी लेखकांस काही कामच ठेवले नाही. 2019 च्या 23 नोव्हेंबरची सकाळ वाचकांस आठवत असेल. आमच्या हाती आलेल्या वर्तमानपत्रात एक मुख्यमंत्री ठरलेला होता, आणि चहा निवण्यापूर्वी दूरचित्रवाणीवर दुसऱ्याचा शपथविधी झालेला होता. इतक्यात स्नेह्यांचा फोन आला : “प्रोफेसर, वर्तमानपत्र खाली ठेव. ते भूतपत्र झाले!” तीन दिवसांनी ते सरकारही भूतकाळात जमा झाले, आणि आम्ही दोघे पुन्हा हसलो. 2022 च्या जूनमध्ये शिवसेना फुटली, 2023 च्या जुलैमध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. पक्ष एक आणि त्याचे मालक दोन, चिन्ह एक आणि त्यावर हक्क सांगणारे दोन, असा देखावा दोनदा पाहावयास मिळाला. आम्ही त्यावरही हसलो. या वेळी मात्र आम्ही एकटेच हसत होतो, हे आमच्या ध्यानात उशिरा आले.

स्नेह्यांचे वडील या फुटलेल्या पक्षांपैकी एकाचे कार्यकर्ते होते. पक्ष स्थापन झाला त्या दिवसापासून होते. त्यांस तिकीट कधी मिळाले नाही, आणि त्यांनी ते मागितलेही नाही. सभेआधी सतरंज्या घालाव्यात, सभेनंतर त्या झटकून, मोजून, घडी करून ठेवाव्यात, हेच त्यांचे राजकारण. ते वारले त्यास तेव्हा वर्षही झाले नव्हते. एका संध्याकाळी स्नेह्यांच्या घरी याच फुटीची गोष्ट निघाली. आम्हांस चेव चढला होता. आम्ही म्हणालो, “आता सतरंजीचेही दोन तुकडे झाले म्हणायचे! तुझ्या वडिलांच्या वाट्याला कोणता आला?”

वाक्य तोंडातून निघाले तेव्हा ते आम्हांस फारच चटकदार वाटले होते. स्नेह्यांनी कप खाली ठेवला.

“तुला बरे आहे, प्रोफेसर,” ते हळूच म्हणाले. “तुझे कुठेच काही नाही.”

त्यानंतर दीड वर्ष ते आमच्याकडे आले नाहीत, आणि आम्हीही गेलो नाही. 2024 च्या 13 मे रोजी लोकसभेचे मत आम्ही एकट्यानेच देऊन आलो. चहा घरीच घेतला. “अहो, यंदा वकीलसाहेब नाहीत का बरोबर?” असे घरातून विचारले गेले, तेव्हा आम्ही उन्हाचे निमित्त सांगितले.

त्या दीड वर्षात स्नेह्यांचे ते वाक्य आम्ही पुष्कळदा घोळवून पाहिले. विनोदास कोणी रागावले की, ‘त्यांस विनोद कळत नाही’ असा शेरा मारून मोकळे होणे ही आम्हां सुशिक्षितांची जुनी खोड आहे. पण आमच्या भाषेतील मोठे विनोदकार असे मोकळे झालेले नाहीत. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा सुदामा समाजाच्या रूढींची टर उडवतो, ती बंडूनाना आणि पांडूतात्या यांच्यासह स्वतःच फजितीच्या मध्यभागी उभा राहून. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव स्वतःचीच फटफजिती स्वतःच्या तोंडाने सांगतो. 1977 साली पु. ल. देशपांडे आणीबाणीविरुद्ध प्रचारसभांतून बोलले आणि श्रोत्यांस त्यांनी हसवले. पण ते स्वतः व्यासपीठावर, सर्वांस दिसतील असे उभे होते. आम्ही कोठे होतो? आम्ही आरामखुर्चीत होतो. कोणत्याही पक्षाची सतरंजी आम्ही उभ्या जन्मात उचललेली नाही. पक्ष फुटला तेव्हा आमचे काहीच फुटले नाही. म्हणूनच आम्हांस हसू आले. ज्याचे घर जळत नाही त्यास जाळ शोभिवंत दिसतो. स्नेही रागावले होते ते विनोदावर नव्हे, विनोद करणाऱ्याच्या सुरक्षित जागेवर, असे आमच्या ध्यानात आले. क्षमा मागावी असे ठरवून आम्ही तीन वेळा फोन उचलला. तिन्ही वेळा आरंभी एखादा विनोद सुचला, म्हणून खाली ठेवला.

20 नोव्हेंबर 2024 रोजी विधानसभेचे मतदान झाले. आम्ही रांगेत जाऊन उभे राहिलो, तो चार माणसे पुढे ओळखीची पाठ दिसली. तिने वळून पाहिले नाही. वर्गाच्या दारापाशी मुलांची बुटकी बाके भिंतीला लावून ठेवली होती. आत यंत्राचा दीर्घ आवाज झाला, स्नेही निघून गेले. आमची पाळी आली. अधिकाऱ्याने आमचे बोट धरून नखापासून कातडीपर्यंत रेघ ओढली, आणि आम्ही बाहेर आलो.

स्नेही फाटकापाशी उभे होते. बोटावर फुंकर घालीत होते.

“दिलेस मत?”

“दिले.”

“म्हणजे माझे फुकट गेले.”

दीड वर्ष तयार करून ठेवलेले भाषण आमच्या घशाशी आले. “वकील, त्या दिवशी मी जे बोललो—”

“चहा घेऊ,” ते म्हणाले. मग रस्ता ओलांडताना, आमच्याकडे न बघता, “वडील ही शाई आठ दिवस कोणाला पुसू देत नसत. आई भांडी घासायला बसली की तिला म्हणायचे, डावा हात वर धर.”

आम्ही हसलो नाही. स्नेही हसले, तेव्हा आम्ही हसलो.

कातडीवरची शाई थोड्या दिवसांत गेली. नखावरची मात्र नखाबरोबर वाढत, पुढे सरकत राहिली, आणि अखेर नखासकट कापावी लागली. दरम्यान 23 तारखेस निकाल लागले होते, आणि नियमाप्रमाणे दुसरा चहाही झाला होता. त्याचे पैसे कोणी दिले हे सांगण्याचा मोह आम्हांस होतो आहे. पण ते सांगितले तर दोघांचीही मते उघड होतील, आणि कायद्याप्रमाणे मतदान गुप्त असते.